लहान मुलांना भीतिदायक मालिका दाखवाव्यात का? घराघरांत निर्णय घेण्यासाठी मार्गदर्शन

रात्रीची जेवणे आटोपली, की सांगली-मिरजेतल्या अनेक घरांत बाहेरच्या खोलीतला टीव्ही सुरू होतो आणि त्याच खोलीत लहान मुलांची अंथरुणेही पडलेली असतात. मोठ्यांनी भुताखेतांची, करणीची किंवा खुनाच्या तपासाची मालिका लावलेली असते आणि पाच वर्षांचे मूल चादरीच्या आडून ती पाहत असते. मुलाने ती पाहावी असे घरात कोणी ठरवलेले नसते आणि पाहू नये असेही कोणी ठरवलेले नसते. जे ठरवायचे राहून जाते, ते कसे ठरवावे हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

माझे मत आधीच स्पष्ट करते. साधारण सात वर्षांपर्यंतच्या मुलाला अशा मालिकांपासून पूर्णपणे दूर ठेवावे. त्यानंतर त्या विशिष्ट मुलाचा आणि त्या विशिष्ट कार्यक्रमाचा विचार करून ठरवावे. भीती मुळातच वाईट असते असे माझे म्हणणे नाही. राक्षसाची गोष्ट ऐकताना मुले आजीला बिलगतात आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा मागतात. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत मराठी नाटकाचा पाया घातला, त्या पौराणिक खेळांतही राक्षसांची सोंगे आरडाओरडा करत रंगभूमीवर येत असत. पण गोष्ट सांगणारी आजी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत असते. त्याचे डोळे विस्फारलेले दिसले की ती आवाज खाली आणते, राक्षसाला थोडा बावळट करते किंवा गोष्ट लवकर संपवते. टीव्हीला मुलाचा चेहरा दिसत नाही. म्हणून सगळ्या निर्णयासाठी कसोटी एकच ठेवावी: ही भीती मुलाला हवी तेव्हा थांबवता येते का, आणि पाहून झाल्यावर ती बाजूला ठेवून झोपता येते का?

पहिली पायरी: या वयाला काय कळते, ते समजून घ्यावे

‘अरे, ते खोटं असतं,’ एवढे सांगितले की काम झाले, असे आपल्याला वाटते. लहान मुलाच्या बाबतीत हे वाक्य जवळजवळ निरुपयोगी असते आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लहान मुलांना टीव्हीच्या पडद्यावर लाह्यांनी भरलेला वाडगा दाखवला आणि टीव्ही उलटा केला तर लाह्या सांडतील का, असे विचारले. तीन वर्षांची बरीचशी मुले ‘सांडतील’ म्हणाली. पडद्यावरच्या लाह्या खरोखरच टीव्हीच्या खोक्यात आहेत असे ज्याला वाटते, त्याच्या दृष्टीने पडद्यावरची हडळही त्याच खोक्यात, म्हणजे त्याच्याच घरात असते. चार-पाच वर्षांचे मूल ‘ते खोटं आहे’ हे वाक्य आपल्यामागून म्हणू लागते; पण वाक्य म्हणता येणे आणि भीतीच्या क्षणी त्या वाक्याचा आधार घेता येणे यांत दोन-तीन वर्षांचे अंतर असते.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दोन ते सात या वयाचे जे वर्णन केले आहे, त्याचा गाभाच हा आहे, की या वयात डोळ्यांना जे दिसते ते विचारावर मात करते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोआन कँटर यांनी मुलांच्या टीव्हीवरील भीतीचा दीर्घकाळ अभ्यास केला. संकटात हिरवा आणि अक्राळविक्राळ होणारा एक नायक अमेरिकेतील एका मालिकेत होता. तो लोकांना वाचवत असे, तरीही बालवाडीच्या वयाची मुले त्याच्या रूप बदलण्यालाच सर्वांत जास्त घाबरत असल्याचे या अभ्यासांत दिसले. मोठ्या मुलांना तो चांगल्या बाजूचा आहे हे कळत होते. लहानांना केवळ चेहरा बदलताना दिसत होता. आपल्याकडच्या मालिकांत घरातल्या साध्यासुध्या सुनेचे डोळे एकाएकी पांढरे होतात आणि आवाज घोगरा होतो, ते दृश्य चार वर्षांच्या मुलाला किती हादरवत असेल याचा अंदाज यावरून करता येईल. ज्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा, तोच बदलू शकतो, एवढाच धडा ते मूल त्यातून घेते आणि त्या रात्री आईच्या चेहऱ्याकडेही निरखून पाहते.

आठव्या-नवव्या वर्षापासून चित्र पालटते. भुताची भीती ओसरू लागते आणि तिची जागा ‘हे आपल्यालाही होऊ शकते’ या भीतीने घेतली जाते: चोर, अपहरण, अपघात, आईवडिलांचा मृत्यू. त्यामुळे या वयाच्या मुलांसाठी भुताच्या मालिकेपेक्षा ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी लावून दाखवलेल्या गुन्ह्यांच्या मालिका अधिक जड जातात, कारण त्यांत घर आपल्यासारखे असते आणि शाळाही आपल्यासारखी असते. खरेपणाचा आव किती घातक ठरू शकतो याचे एक नोंदलेले उदाहरण ब्रिटनमधील आहे. बीबीसीने ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी ‘घोस्टवॉच’ हा भुताटकीच्या घराचा काल्पनिक कार्यक्रम थेट प्रक्षेपणाच्या थाटात, ओळखीच्या निवेदकांना घेऊन दाखवला. तो पाहिल्यानंतर दहा वर्षांच्या दोन मुलांमध्ये आघातानंतरच्या मानसिक तणावाची लक्षणे आढळल्याची नोंद १९९४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉक्टरांनी केली. प्रत्येक मुलाचे असे होत नाही, हे खरे आहे. पण कोणत्या मुलाचे होईल हे आधी सांगता येत नाही.

दुसरी पायरी: भाग आधी स्वतः, मुलाच्या डोळ्यांनी पाहावा

आठ वर्षांच्या पुढचे मूल एखाद्या मालिकेचा हट्ट धरत असेल, तर तिचे दोन-तीन भाग पालकांनी आधी एकट्याने पाहावेत. कथा चांगली आहे की वाईट, हा या वेळचा प्रश्न नाही. रूप बदलण्याची दृश्ये आहेत का, संकटात सापडलेली व्यक्ती लहान मूल आहे का, भीती घरातल्या रोजच्या जागांतून येते का, हे पाहावे. दूरच्या किल्ल्यातला राक्षस किल्ल्यातच राहतो. पण न्हाणीघर, माळा, पलंगाखालची जागा किंवा आरसा यांतून आलेली भीती त्या घरातच राहायला येते, कारण मुलाला दिवसातून चार वेळा तिथे जावे लागते. परसातल्या संडासाकडे रात्री एकटे जायला नकार देणारी मुले या एका गोष्टीने पुष्कळदा घाबरलेली असतात.

एकदा आवाज पूर्ण बंद करून तेच दृश्य पाहावे. त्यातली निम्मी दहशत कर्कश पार्श्वसंगीताची आणि अचानक येणाऱ्या दणक्याची होती, हे लगेच लक्षात येते. याचा उपयोग पुढे मुलालाही होतो, कारण आवाज कमी करणे हे त्याच्या हातात असलेले पहिले साधन आहे.

सर्वांत जास्त लक्ष शेवटाकडे द्यावे. माझ्या मते रोजच्या मालिकेची खरी अडचण भुतात नसून तिच्या रचनेत आहे. गोष्टीत राक्षस मरतो आणि मग झोप येते. रोजच्या मालिकेचा भाग मात्र मुद्दाम सर्वांत भीतिदायक क्षणी तोडलेला असतो, कारण प्रेक्षकाने उद्या परत यावे अशी योजना असते. मोठा माणूस ती उत्सुकता बाजूला ठेवून दिवा मालवतो. मुलाच्या मनात मात्र दार अर्धे उघडलेलेच राहते, आणि ते दार रात्रभर कोण उघडणार आहे याचा विचार त्याला एकट्याला अंधारात करावा लागतो. त्यामुळे नऊ-दहा वर्षांच्या मुलाला भीतीची गंमत अनुभवायची असेल, तर एका बैठकीत संपणारी आणि शेवटी उलगडा करणारी गोष्ट निवडावी. महिनोन्महिने लांबणारी मालिका निवडू नये.

तिसरी पायरी: आपल्या मुलाला ओळखावे

एकाच घरातली दोन भावंडे एकच दृश्य पाहतात. एक जण हसतो आणि दुसरा पुढचे चार दिवस आईचा पदर सोडत नाही. फटाक्यांच्या आवाजाने दचकणारे, अनोळखी माणसांत गप्प होणारे, कल्पनेत फार रमणारे मूल असेल, तर वयाची मर्यादा एक-दोन वर्षांनी पुढे ढकलावी. घरात नुकताच कोणाचा मृत्यू झाला असेल, आजारपण किंवा भांडणे चालू असतील, शाळा बदललेली असेल, तर तो काळ यासाठी अजिबात योग्य नाही.

मूल ‘मी घाबरत नाही’ असे म्हणाले, म्हणून ते घाबरत नाही असे समजू नये. विशेषतः मुलग्यांना ‘मुलगा असून घाबरतोस?’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकावे लागते, की ते भीती लपवायला लवकर शिकतात. त्यांच्या बोलण्यापेक्षा शरीराकडे पाहावे. श्वास रोखलेला असणे, नखे खाणे, पडद्याकडे पाहताना पाय पोटाशी घेणे, मध्येच पाणी प्यायला उठून परत न येणे ही खूण पुरेशी असते.

चौथी पायरी: घरातल्या मोठ्यांशी बोलावे

सगळ्यात कठीण पायरी हीच आहे आणि तिच्यावाचून बाकीच्या पायऱ्या कोसळतात. दिवसभर राबलेल्या आजी-आजोबांना रात्रीची मालिका हा हक्काचा विरंगुळा असतो. ‘टीव्ही बंद करा’ असे म्हटले, तर ते सूनबाईचे फर्मान वाटते, आणि मग मुलाच्या झोपेचा विषय मागे पडून घरात मानापमानाचे नाटक सुरू होते. म्हणून मागणी लहान आणि नेमकी असावी: ‘आई, तुमचं बघणं बंद करा असं मी म्हणत नाही. सोनू झोपेपर्यंत तेवढं थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग परत लागतो तो निवांत बघा. तोवर मी त्याला घेऊन आत बसते.’ शक्य असेल तिथे हे बोलणे मुलाच्या वडिलांनी स्वतःच्या आईवडिलांशी करावे. ते सहज स्वीकारले जाते आणि एकट्या सुनेवर त्याचा भार येत नाही.

घर एकाच खोलीचे असेल, तर मुलाची पाठ पडद्याकडे करून उपयोग होत नाही, कारण आवाज ऐकून मूल दृश्य स्वतः रचते आणि ते पुष्कळदा खऱ्या दृश्यापेक्षा भयंकर असते. अशा घरात मोबाइलवर इअरफोन लावून भाग पाहणे हा साधा मार्ग आहे.

याच बोलण्यात आणखी एक गोष्ट मिटवून घ्यावी. ‘झोप, नाहीतर बुवा येईल,’ ‘जेवला नाहीस तर त्या मालिकेतली बाई घेऊन जाईल’ असे घरात कोणीही म्हणायचे नाही. पडद्यावरच्या भुताला ज्या क्षणी घरातले विश्वासाचे माणूस दुजोरा देते, त्या क्षणी ते भूत खरे होते. करणी, भानामती, अंगात येणे यांवरच्या मालिका पाहून मूल प्रश्न विचारू लागले, तर त्याला स्पष्ट उत्तर द्यावे. शेजारच्या साताऱ्यातून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी उभ्या केलेल्या चळवळीमुळे आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यामुळे हे उत्तर देण्याची भाषा आपल्या भागातल्या शिक्षकांकडे आणि पालकांकडे आहे. ‘असं काही नसतं, भीती दाखवून लोकांकडून पैसे घेणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे,’ एवढे वाक्य नऊ वर्षांच्या मुलाला पुष्कळ धीर देते.

पाचवी पायरी: यंत्रावर कुलूप लावावे

चित्रपटाला असते तसे वयाचे प्रमाणपत्र टीव्हीवरच्या मालिकेला नसते. केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ मधील कार्यक्रम संहितेनुसार मुलांना अयोग्य असलेले कार्यक्रम मुले सर्वाधिक संख्येने टीव्ही पाहत असतात त्या वेळी दाखवता येत नाहीत आणि अंधश्रद्धेला उत्तेजन देणारे कार्यक्रमही दाखवता येत नाहीत. मात्र रात्रीच्या मालिकेची जाहिरात संध्याकाळी सात वाजता मध्येच लागते आणि त्यात नेमके सर्वांत भयानक तीन सेकंद निवडलेले असतात. अशी जाहिरात त्रासदायक वाटली, तर वाहिनीकडे लेखी तक्रार करता येते. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार वाहिनीने पंधरा दिवसांत आपला निर्णय कळवायचा असतो.

मोबाइल आणि स्मार्ट टीव्हीवरील मालिकांना फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार यू (सर्वांसाठी), यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ (त्या-त्या वयापुढच्यांसाठी) आणि ए (केवळ प्रौढांसाठी) अशी वर्गवारी आहे. यू/ए १३+ आणि त्यापुढच्या कार्यक्रमांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे बंधनकारक आहे. मुलासाठी वेगळे प्रोफाइल करावे, पिन मुलासमोर दाबू नये आणि वर्गवारीशेजारी दिलेले आशयाचे वर्णनही वाचावे. डीटीएचच्या सेट-टॉप बॉक्समध्येही वाहिनीला कुलूप लावता येते. केबलवाल्याला विचारले तर तो सांगतो. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासापेक्षा जास्त पडदा दाखवू नये, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची सूचना आहे आणि ती पाळली, तर लहान मुलांच्या बाबतीत यांतले बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत.

सहावी पायरी: दाखवायचे ठरलेच, तर असे दाखवावे

सकाळी किंवा दुपारी, खिडक्या उघड्या असताना, कोणीतरी मोठे शेजारी बसून पाहावे. रिमोट मुलाच्या हातात द्यावा आणि आधीच सांगावे, ‘नको वाटलं की बंद कर, कारण सांगायची गरज नाही.’ त्याने मध्येच बंद केले, तर कोणी चिडवू नये. शेवट जाणून घ्यायचा असेल, तर तो शब्दांत सांगावा. पाहून झाल्यावर सोंग कसे तयार झाले असेल यावर बोलावे, कागदाचा मुखवटा करून तो आळीपाळीने लावावा, कुंकू पाण्यात कालवून खोटी जखम रंगवावी. आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना या प्रकाराने खरोखर मदत होते, कारण भीती कशी बनवतात हे त्यांच्या हातांनी त्यांना कळते.

पुढच्या तीन रात्री लक्ष ठेवावे. दिवा लावून झोपण्याचा आग्रह, झोपायला उशीर, पहाटे स्वप्नाने जागे होणे असे काही दिसले, तर उत्तर मिळाले आहे: सध्या नको. सिॲटलमधील मिशेल गॅरिसन आणि दिमित्री क्रिस्टाकिस यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे टीव्ही पाहणे कमी न करता केवळ हिंसक कार्यक्रमांच्या जागी वयाला साजेसे कार्यक्रम लावले, तेव्हा मुलांच्या झोपेच्या तक्रारी कमी झाल्या. कार्यक्रम बदलणे हाच पुष्कळदा पुरेसा उपाय असतो.

मूल आधीच घाबरले असेल तर

सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलाला तर्काने समजावण्याच्या भरीस पडू नये. जवळ घ्यावे, कोमट दूध द्यावे, पाठीवरून हात फिरवावा, काही रात्री शेजारी झोपावे. या वयात शरीराला मिळालेला दिलासाच मनापर्यंत पोहोचतो. मोठ्या मुलाशी मात्र दिवसाउजेडी बोलावे, त्याला चित्र काढायला किंवा गोष्टीचा शेवट बदलायला सांगावे. ‘भित्रा’ हा शब्द घरात नको. आजीला दृष्ट काढायची असेल, तर त्यावरून वाद घालण्याचे कारण नाही. परंतु ‘त्याला काहीतरी लागलंय’ असे मुलाच्या देखत म्हणणे आणि कोणा देवऋष्याकडे नेणे यांमुळे त्याची भीती पक्की होते, म्हणून ते ठामपणे थांबवावे.

झोपल्यानंतर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळून उठते, डोळे उघडे असूनही ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, या प्रकाराला रात्रीची दहशत म्हणतात. तो गाढ झोपेतला प्रकार आहे. त्याला हलवून जागे करू नये, इजा होणार नाही एवढे पाहावे. भीतिदायक स्वप्न पहाटेच्या सुमारास पडते आणि ते मुलाला आठवते. दोन-तीन आठवडे उलटूनही झोप बिघडलेली असेल, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परतली असेल किंवा मूल शाळेत जायला नकार देत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे आणि केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

बातम्यांनाही हाच नियम लावावा

सांगलीच्या पालकांनी एका गोष्टीकडे वेगळे लक्ष द्यायला हवे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. तेव्हापासून दर पावसाळ्यात ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पुराची तीच ती दृश्ये वाहिन्यांवर दिवसभर फिरत राहतात आणि लहान मुलाला प्रत्येक वेळी नवा पूर आल्यासारखे वाटू शकते. भुताच्या मालिकेबाबत जागरूक असलेले घरही बातम्या मात्र सताड चालू ठेवते. पाण्याची पातळी पालकांनी मोबाइलवर पाहावी, टीव्ही बंद ठेवावा आणि मुलाला ठोस माहिती द्यावी: पाणी इतके वाढले तर आपण कोणाकडे जाणार, दप्तर आणि औषधे कुठे ठेवली आहेत, आजोबांना कोण नेणार. ही भीती खरी असल्यामुळे ‘काही होत नाही’ या शब्दांनी ती जात नाही; घराने तयारी केली आहे हे दिसल्यावर कमी होते.

‘वर्गात सगळे बघतात’ असे मूल म्हणेल, तेव्हा त्याच्या मित्रांच्या घरांना नावे न ठेवता ‘आपल्या घरात हे दहाव्या वर्षी परत ठरवू’ असे सांगावे आणि खरोखरच ठरवावे. मुले झपाट्याने बदलतात. मागच्या वर्षी पदराआड लपलेले मूल यंदा शांतपणे पाहू शकते आणि कधी उलटही घडते. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत, दुसऱ्या दिवशी शाळा नसताना, घरातल्या सगळ्यांनी बसून काय पाहायचे आणि काय नाही हे पुन्हा ठरवावे आणि कोणते कुलूप काढायचे, कोणते ठेवायचे हे मुलालाही विचारावे.